भेट नको, मुक्काम हवा

कौटुंबिक न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले ती माझ्या मावसभावासोबत. ताबा, पोटगी, तारीख हे शब्द आमच्या घरात तोवर सगळ्यांच्या ओळखीचे झाले होते. 'ॲक्सेस', म्हणजे ताबा नसलेल्या पालकाला मुलाला भेटायची मुभा, हा शब्द वकिलांनी नव्यानं शिकवला, आणि आता पंच्याहत्तरी ओलांडलेली माझी मावशीसुद्धा तो 'दूधवाला' म्हणावं इतक्या सहज म्हणते. पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते एक. खोलीत एक प्लास्टिकची घसरगुंडी, चाक निखळलेला ट्रक, भिंतीवर रंगवलेला जिराफ. सात-आठ बाप, दोन आया. बहुतेकांच्या हातात खेळण्याच्या दुकानाची पिशवी. मावशीनं नातवासाठी पाठवलेला शंकरपाळ्यांचा डबा दारातच राहिला, कारण बाहेरचं खाणं आत चालत नव्हतं.

भाचा तेव्हा सहा वर्षांचा. आला, पिशवीत डोकावला, गाडी काढली, फरशीवर दोनदा फिरवली. मग बापलेक एकमेकांकडे बघत बसले. "शाळेत काय चाललंय?" "काही नाही." "डबा खातोस ना?" "हो." भावाकडे पंधरा दिवसांचं साठलेलं होतं, पण ते दोन तासांत काढायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. पावणेएक वाजले आणि पोरानं कुणी न सांगता बूट घालायला घेतले. बाहेर आई थांबली असेल, उशीर झाला तर ती चिडेल, लवकर निघालो तर बाबा दुखावेल, हा सगळा हिशोब त्या सहा वर्षांच्या डोक्यात चालला होता. वेलक्रोचा पट्टा त्यानं तीन वेळा उघडला आणि तीन वेळा लावला.

मला त्या खोलीत एक चित्रपट आठवत राहिला. हिरोकाझु कोरे-एदा या जपानी दिग्दर्शकाचा, २०१६ साली आलेला, बाहेरच्या जगात 'आफ्टर द स्टॉर्म' या नावानं माहीत असलेला. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, समीक्षकांनी वाखाणला आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटला, असा शांत चित्रपट. घटस्फोट झालेला बाप, महिन्यातून एकदा भेटणारा मुलगा, दुरावलेली बायको, एकटी म्हातारी आई आणि एक चक्रीवादळ. एवढीच गोष्ट आहे. पण विभक्त झालेल्या बापाचं आणि मुलाचं काय करायचं, या आपल्याकडे अजून नीट न विचारलेल्या प्रश्नावर मला जे म्हणायचं आहे, ते मी या चित्रपटाचा हात धरूनच म्हणू शकते.

र्योता हा त्यातला बाप. पंधरा वर्षांपूर्वी एका कादंबरीला बक्षीस मिळालेलं, त्यानंतर दुसरं पुस्तक झालेलं नाही. आता एका खासगी गुप्तहेर कचेरीत लोकांच्या नवरा-बायकोवर पाळत ठेवायचं काम करतो आणि विचारलं तर 'कादंबरीसाठी माहिती गोळा करतोय' म्हणतो. हातात आलेले पैसे सायकलींच्या शर्यतीवर लावून घालवतो. मुलासाठी द्यायचे पैसे थकलेले. स्वतःच्याच घटस्फोटित बायकोवर चोरून पाळत ठेवतो. वडील नुकतेच वारलेत, आणि हा आईच्या घरात विकण्याजोगं काही सापडतं का म्हणून कपाटं उचकतो. मुलाला बेसबॉलचे बूट घ्यायला जातो आणि किंमत कमी करून मिळावी म्हणून नव्या कोऱ्या बुटावर गुपचूप चरा पाडतो.

कोरे-एदांनी या माणसाला झाकलेलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विभक्त बापांबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्यात दोनच माणसं असतात: एक राक्षस आणि एक बिचारा. सासरच्यांच्या सांगण्यात तो राक्षस, पुरुषांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या गटांच्या सांगण्यात तो बिचारा. खरे बाप बहुतेक र्योतासारखे असतात. चुकलेले, थोडे स्वार्थी, बरेचसे प्रेमळ, आणि संसार चालू असताना ज्या मुलाकडे लक्ष दिलं नाही त्याच्यासाठी संसार मोडल्यावर जीव टाकणारे. र्योताची आई एका रात्री रेडिओ ऐकता ऐकता म्हणते की पुरुषांना आत्ताच्या घडीवर प्रेम का करता येत नाही कोण जाणे, गेलेल्याच्या मागे नाहीतर न मिळालेल्याच्या मागे धावत राहतात. किरिन किकी या थोर अभिनेत्रीनं हे वाक्य जराही जोर न देता म्हटलंय. माझ्या भावालाही ते लागू पडतं हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

मग वादळाची रात्र येते. महिन्याच्या भेटीच्या दिवशी र्योता मुलाला घेऊन आपल्या आईकडे जातो. मुलाला न्यायला त्याची आई क्योको तिथं येते. बाहेर वारा-पाऊस वाढतो आणि चौघांना त्या छोट्याशा सरकारी वसाहतीतल्या घरात रात्र काढावी लागते. हे घर कोरे-एदांच्या ओळखीचं आहे. टोकियोजवळच्या कियोसे गावातल्या याच वसाहतीत ते स्वतः वयाच्या नवव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत राहिले, आणि चित्रीकरणही तिथंच केलं. म्हणूनच की काय, स्वयंपाकघरात दोन माणसं एकावेळी वळू शकत नाहीत ही गोष्ट त्यात इतकी खरी दिसते. आजी करी घातलेल्या उदोन शेवया करते. एकामागून एक अंघोळी होतात. अंथरुणं घातली जातात. मध्यरात्री बाप मुलाला उठवतो, खाऊ घेतो, आणि दोघं भर पावसात वसाहतीच्या बागेतल्या ऑक्टोपसच्या आकाराच्या घसरगुंडीच्या पोटात जाऊन बसतात. र्योताच्या लहानपणी त्याच्या वडिलांनीही अशाच एका वादळात त्याला इथं आणलेलं असतं. मुलगा विचारतो, तुला जे व्हायचं होतं ते तू झालास का? बाप म्हणतो, अजून नाही. नंतर क्योकोही शोधत येते. बापानं मुलाला घेऊन दिलेली लॉटरीची तिकिटं वाऱ्यावर उडतात आणि तिघंही चिखलात वाकून ती गोळा करत सुटतात.

सकाळी ऊन पडतं, आणि सगळे आपापल्या वाटेनं जातात. संसार पुन्हा जुळत नाही. आजीच्या मनात आशा असते, ती सुनेला एकदा विचारूनही बघते, आणि तिला जे उत्तर मिळतं ते ती ऐकून घेते.

हा शेवट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हुरहुर लागली होती. आता वाटतं, यापेक्षा खरा शेवट असूच शकत नव्हता. त्या रात्री जे जुळलं ते नवरा-बायकोचं नव्हतं, बापलेकाचं होतं. आणि ते जुळायला पहिलं जुळणं लागलं नाही.

माझा सगळा मुद्दा इथं आहे. आपण नवरेपण आणि बापपण एकाच गाठीत बांधतो. लग्न टिकवायचं असलं की 'मुलाकडे बघून तरी जुळवून घ्या' म्हणतो. हे वाक्य मी माझ्या आईच्या, मावशीच्या, समुपदेशकांच्या, शेजारच्या काकूंच्या तोंडून ऐकलंय, आणि प्रत्येकीचा हेतू चांगलाच होता. पण त्या वाक्यात मुलाला डिंक करून टाकलंय. आणि एकदा मूल डिंक झालं, की लग्न सुटल्यावर तेही एका बाजूला चिकटून राहणार आणि दुसऱ्या बाजूनं फाटणार, हे ओघानं आलंच. बायको परत येणार असेल तर मुलात जीव गुंतवायचा आणि नाही तर नवा संसार थाटून जुना विसरायचा, असं करणारे बापही याच गाठीतून तयार होतात. 'आता त्यांचा-आपला काय संबंध' म्हणून मुलाला बापाचं नावही काढू न देणारी आजोळची माणसंही त्याच गाठीतून.

सिनेमानंही या गाठीला पुष्कळ खतपाणी घातलंय. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाचा 'पॅरिस, टेक्सस' हा १९८४ साली कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला चित्रपट घ्या. या विषयावरचा तो सगळ्यात सुंदर चित्रपट मानला जातो आणि त्याच्या सौंदर्याबद्दल माझंही दुमत नाही. चार वर्षं बेपत्ता असलेला ट्रॅव्हिस वाळवंटातून चालत येतो. त्याचा मुलगा हंटर काका-काकूंकडे वाढलेला. शाळा सुटल्यावर बाप न्यायला येतो तेव्हा मुलगा रस्त्याच्या एका बाजूनं आणि बाप दुसऱ्या बाजूनं, एकमेकांची नक्कल करत चालतात. दोन अनोळखी जीव ओळख काढतायत हे एकही शब्द न बोलता कळतं. मग दोघं मिळून हरवलेल्या आईचा शोध घेतात, बाप तिला मुलगा मिळवून देतो, ह्यूस्टनच्या एका हॉटेलात मायलेक एकमेकांना मिठी मारतात, आणि ट्रॅव्हिस गाडीत बसून रात्रीच्या रस्त्यानं एकटा निघून जातो.

प्रेक्षक इथं रडतात. मीही रडले होते. पण आज विचारावंसं वाटतं की त्या मुलाचं काय झालं? चार वर्षं बाप नव्हता, काही दिवस मिळाला, आणि पुन्हा गेला. काका-काकूंच्या घरातूनही तो निघालाच होता. बापाच्या त्यागाला आपण टाळ्या देतो, कारण आपल्या डोळ्यांपुढे बाप असतो. हंटरच्या डोळ्यांनी पाहिलं तर ते दुसऱ्यांदा सोडून जाणं आहे. आपल्याच हातून भयंकर घडलं होतं, आपण जवळ राहिलो तर पुन्हा घडेल, या भीतीनं ट्रॅव्हिस जातो हे मला कळतं. तरीही बायकोचा नवरा होता येत नसेल तर मुलाचा बापही होता येणार नाही, ही जी समजूत त्या शेवटात दडलेली आहे ती मला मान्य नाही. वेंडर्स हे यासुजिरो ओझु या जुन्या जपानी दिग्दर्शकाचे निस्सीम भक्त, आणि कोरे-एदांना जग ओझुंच्या वंशातलं मानतं. पण इथं दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ट्रॅव्हिस कायमचा निघून जातो. र्योता स्टेशनवरून गर्दीत शिरतो तो पुढच्या महिन्यात पुन्हा येण्यासाठी, आणि पैसेही देण्यासाठी. पडद्यावर हे कमी भव्य दिसतं, पण मुलाला त्याचाच उपयोग आहे.

कोरे-एदांनी हा चित्रपट काढला तेव्हा जपानमध्ये ती गाठ कायद्यातच होती. तिथल्या नागरी संहितेप्रमाणे घटस्फोट झाला की मुलाचं पालकत्व आई किंवा बाप यांच्यापैकी एकाच्याच नावावर. दहातले जवळजवळ नऊ घटस्फोट न्यायालयाची पायरी न चढता नगरपालिकेच्या कचेरीत एक अर्ज भरून होतात, आणि त्या अर्जात मुलासमोर एकाचंच नाव लिहायचं. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते नाव जास्त करून बापाचं असे, कारण मूल घराण्याचं. पुढे ते आईचं होऊ लागलं आणि आता दहात आठांहून जास्त वेळा तिचंच असतं. बाजू बदलली, पण 'एकाचंच' हे मात्र तसंच राहिलं. दुसऱ्यानं भेटायचं की नाही, किती भेटायचं, पैसे किती द्यायचे, याचा स्पष्ट उल्लेख कायद्यात आला तोच २०११ च्या दुरुस्तीनं. मे २०२४ मध्ये तिथल्या संसदेनं अखेर दोघांच्या संयुक्त पालकत्वाचा पर्याय मंजूर केला आणि त्याच्या अंमलासाठी एप्रिल २०२६ हा महिना ठरला.

२०२४ च्या या दुरुस्तीला कडाडून विरोध झाला, आणि तो विरोध करणाऱ्यांत नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बायका होत्या. त्यांचं म्हणणं असं की ज्याच्यापासून जीव वाचवून पळालो, त्याच्याशी आता मुलाच्या शाळेपासून ऑपरेशनपर्यंत प्रत्येक गोष्टीत बोलणी करायची? हे म्हणणं बाजूला सारून या विषयावर एक शब्दही बोलू नये असं माझं मत आहे. जपानच्या नव्या कायद्यातही हिंसेचा किंवा छळाचा धोका असेल तिथं न्यायालयानं एकाकडेच पालकत्व द्यायचं अशी तरतूद करावी लागली. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे भेटीनं मुलाच्या हिताला बाधा येईल असं वाटलं तर दंडाधिकाऱ्यांनी भेट नाकारलीच पाहिजे. असा बाप असेल तर त्याला त्या जिराफाच्या खोलीतसुद्धा देखरेखीखालीच बसवावं, किंवा बसवूच नये. मी बोलते आहे ते उरलेल्यांबद्दल. ज्यांचं पटलं नाही, ज्यांनी एकमेकांना शब्दांनी जखमी केलं, पण ज्यांच्यापैकी कुणाचीही मुलाला भीती नाही, अशांबद्दल.

आपल्या कायद्याची गंमत नाही, शोकांतिका अशी की त्यानं बापाला नको ते दिलंय आणि हवं ते दिलेलं नाही. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आजही सांगतो की मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या 'नंतर' शब्दाचा अर्थ 'तो मेल्यावर' एवढाच नसून 'तो नसताना' असाही होतो, हे सांगावं लागलं. पाच वर्षांखालचं मूल मात्र शक्यतो आईजवळ असावं, असं त्याच कलमात. म्हणजे सही बापाची, रात्रीचं जागरण आईचं. लग्न चालू असताना आपल्या घरांत जी वाटणी असते, तीच कायद्यात उतरलेली आहे. विधी आयोगानं मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात दोघांना समान पालक माना आणि योग्य तिथं संयुक्त ताब्याचा पर्याय द्या, अशी शिफारस केली. त्या अहवालावरची धूळ कुणी झटकलेली नाही.

न्यायालयं मात्र कायद्याच्या पुढे गेली आहेत हे मान्य करायला हवं. जानेवारी २०२० मधल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दोन्ही पालकांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. आईबाप भांडत असले म्हणून मुलाला त्यातल्या एकापासून तोडू नये, आणि भेट शक्य नसेल तिथं व्हिडिओ कॉलवर रोज बोलण्याची तरी सोय असावी. हक्क मुलाचा, हे शब्द मला मोलाचे वाटतात. 'बापाचे हक्क' असं म्हटलं की लगेच दुसऱ्या बाजूला 'आईचे हक्क' उभे राहतात आणि मूल पुन्हा मधे. मुलाचा हक्क म्हटला की प्रश्नच बदलतो. या पोराला बापाकडून काय लागतं, आणि ते किती वेळात मिळतं?

दोन तासांत मिळत नाही. हे मी त्या खोलीत बसून पाहिलंय. दोन तासांत खेळणं देता येतं, फोटो काढता येतो, 'आईला सांगू नकोस हं' असं काहीतरी कानात सांगता येतं. भेट म्हटली की पाहुणचार आला, आणि पाहुण्यासारखं वागणाऱ्या बापाशी मूलही पाहुण्यासारखं वागतं. समजूतदार न्यायाधीश आदेशात दिवाळीची निम्मी सुट्टी लिहितात, मे महिन्याची निम्मी सुट्टी लिहितात, वाढदिवसाचे चार तास लिहितात. चांगलंच आहे. पण सगळे सण बापाच्या वाट्याला आणि सगळे मंगळवार आईच्या. पाढे, ताप, दात घासायचा कंटाळा, युनिफॉर्मचं बटण, हे सगळं आईनं करायचं आणि बापानं किल्ला बांधायला आणि फटाके घेऊन यायचं. यात आईवर अन्याय आहे हे कुणी लक्षात घेत नाही. ती कायमची रागावणारी बाई होते आणि बाप कायमचा खेळणीवाला.

र्योतानं त्या रात्री मुलासाठी खास असं काही केलं नाही. शेवया खाल्ल्या, पाऊस बघितला, जागा राहिला. हातात वेळ होता आणि दार बंद होतं, म्हणून मुलगा त्याला तो प्रश्न विचारू शकला. दिवसभराच्या भेटीत, बुटांच्या दुकानात, बर्गर खाताना तो प्रश्न आला नव्हता. मूल मनातलं कधी बोलतं हे ज्यांनी मूल वाढवलंय त्यांना सांगायला नको. दिवा मालवल्यावर बोलतं. पाठ वळवून बोलतं. ज्याच्याकडे मुक्काम नाही त्याला ते ऐकायलाच मिळत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथं धोका नाही तिथं पहिल्याच आदेशात भेटीपासून मुक्कामापर्यंतचा रस्ता लिहून द्या. इतके महिने खोलीत, इतके महिने दिवसभर, त्यानंतर घरी रात्र. आज प्रत्येक पायरीसाठी नवा अर्ज, नवी तारीख, नवी फी, आणि तोवर चार वर्षांचं पोर आठ वर्षांचं होतं. त्या रात्री शनिवारच्याच असू नयेत, आठवड्यातली एखादी शाळेच्या आदल्या दिवसाचीही असावी, म्हणजे दप्तर भरणं आणि सकाळी सहाला उठवणं बापाच्याही वाट्याला येईल. शाळेनं प्रगतिपुस्तक दोघांनाही दाखवावं. आणि पैशाचा आणि वेळेचा सौदा कायमचा बंद व्हावा. 'पोटगी देत नाही ना, मग मूल दाखवणार नाही' आणि 'मूल दाखवत नाही ना, मग पोटगी बंद' ही दोन्ही वाक्यं मी एकाच व्हरांड्यात, दहा पावलांच्या अंतरावर ऐकली आहेत. बापानं पैसे द्यायचे ते मूल जेवतं म्हणून. भेटीचं तिकीट म्हणून नव्हे. आणि भेट थांबवून आई वसुली करू बघते तेव्हा दंड मूल भरतं. थकलेली पोटगी वसूल करायला कायद्यात जप्तीपासून तुरुंगापर्यंत वाटा आहेत. त्या जलद करा, ढिल्या नको.

बापांनाही माझं सांगणं आहे, आणि ते मी बहीण म्हणून सांगते. मुक्काम मागायचा तर घर मुक्कामासारखं हवं. माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये सुरुवातीला दोन प्लेट होत्या आणि फ्रिजमध्ये सॉसची बाटली. वरणभात करता येत नसेल तर शिकावं लागेल. सगळं आईवर, म्हणजे मुलाच्या आजीवर, टाकून 'माझ्याकडे मुलगा असतो' म्हणण्यात अर्थ नाही. लग्नात असताना ज्यानं कधी डायपर बदललं नाही, त्याला विभक्त झाल्यावर न्यायाधीश एकदम अर्धा ताबा कसा देईल? बापपण संसारातच कमवून ठेवलं पाहिजे, म्हणजे संसार मोडला तरी ते हातात राहतं.

आजीचं काय, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. कोरे-एदांच्या चित्रपटात सगळं घडतं ते आजीच्या घरात. फ्रीजरमध्ये तिनं कॅल्पिसचं सरबत कपात ओतून गोठवून ठेवलेलं असतं, इतकं कडक की चमचा रुतत नाही. ते खात बसलेली माणसं एकमेकांशी आपोआप बोलायला लागतात. आपल्याकडे मूल आईबरोबर आजोळी राहायला जातं तेव्हा सुट्टीत जायचं ते आजोळ त्याचं रोजचं घर होतं, आणि बापाकडच्या आजीचं घर न्यायालयाच्या परवानगीनं जायची जागा. तिचा खटल्यात काही दोष नसतो, आणि आदेशात तिचं नाव नसतं. मुलाला बापाच्या घरी रात्र मिळाली तर त्याला ही आजीही मिळते, चुलत भावंडं मिळतात, त्या गल्लीतली पोरं मिळतात. खोलीतल्या दोन तासांत फक्त बाप मिळतो, तोही अर्धा.

आमच्याकडे मुक्कामाचा आदेश यायला तीन वर्षं लागली. माझी पूर्वीची भावजय त्याला तयार झाली, आणि त्याचं श्रेय मी तिलाच देते. तिनं मनात आणलं असतं तर आणखी तीन वर्षं गेली असती. पहिल्या रात्री भाचा साडेनऊला झोपला आणि भाऊ पहाटेपर्यंत जागा होता. बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेर आहे की आत, हे पोराला माहीत नव्हतं, म्हणून यानं दिवा रात्रभर चालूच ठेवला.

त्यानंतरच्या एका रविवारी रात्री त्याचा मला फोन आला. मी विचारलं, कुठं नेलंस त्याला, काय केलंत? सोमवारी गणिताची चाचणी होती म्हणून पोरगा येताना वहीच घेऊन आला होता. "कुठं नाही गं ताई," तो म्हणाला, "काहीच केलं नाही दिवसभर. भागाकार केले, मावशीनं दिलेले शंकरपाळे संपवले आणि दुपारी दोघंही झोपलो." मी म्हटलं, मावशी माझी, तुझी आई. "हो, आईनं दिलेले," तो म्हणाला, "भागाकारात बाकी उरते ना, त्यात तो अडकतो. पुढच्या वेळी पुन्हा घ्यायला लागणार."